जाळ्याचा रंग

डेगेवरची झाकणी खडखडली आणि तलावाकाठच्या मांडवातली सामसूम मोडली. जाळ्याच्या ढिगावर पडल्या पडल्या माझा डोळा लागला होता, मी दचकून उठले. साल उकळायला लागली होती. एरवी झाकणी हलायच्या आधीच निरुताबाई लांब काठी घेऊन तिथं उभी असायची. आज ती नव्हती. चुलीतलं लाकूड निम्मं बाहेर ओघळलं होतं, आणि जो पंचा डोक्यावर ओढल्याशिवाय ती उन्हात पाऊल टाकत नसे, तो खुंटीवर तसाच लटकत होता.

निरुता माझी मोठी बहीण. मी तिला बाई म्हणायची. आम्ही ढिवर. कोसमबोडीच्या तलावात बाबा मासोळी धरायचा, माय ती गावोगाव विकायची आणि बाई जाळी रंगवायची. नायलॉन तेव्हा आलं होतं, पण बाबाचा जीव सुती जाळ्यात. कोरं सुती जाळं पांढरं असतं, पाण्यात उतरलं की मासोळीला लांबून दिसतं. म्हणून येनाच्या झाडाची साल कुटून उकळायची आणि त्या तांबूस काळ्या पाण्यात जाळं रात्रभर बुडवून ठेवायचं. रंग चांगला धरला की जाळं कुजत नाही, आणि पाण्यात दिसतही नाही. गावातली निम्मी जाळी बाईच्या हातची. हे काम तिच्याकडे आलं, कारण मांडवाला सावली होती.

बाई जन्मली तीच पांढरी. सुईण तिला ओल्या फडक्यानं पुसतच राहिली म्हणे. वरचं काहीतरी असेल, निघेल. ते निघणारं नव्हतं. केस कापसासारखे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, आणि डोळे सारखे थोडे थोडे हलणारे. उन्हात ते मिटून जायचे आणि कातडी भाजून निघायची. लांबचं तिला धूसर दिसायचं. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, कोण येतंय ते मी सांगायची. गाव तिला भुरी म्हणायचं. दिवेलागणीला ती पाणी भरायला निघाली की पारावरची म्हातारी हमखास म्हणायची, कंदील विझवा, भुरी आली. बाई हसायची नाही, रागवायचीही नाही. घागर तेवढी या कमरेवरून त्या कमरेवर घ्यायची.

आणि दुसऱ्या दिवशी तिला पाहायला अर्जुनीकडचे पाहुणे येणार होते. सोयरीक मामानं आणलेली. त्यानं त्या लोकांना एवढंच सांगितलं होतं की पोरगी गोरी आहे. उरलेलं त्यानं मायवर सोपवलं: केस काळे करायचे, भुवया काळ्या करायच्या, आणि पाहणी मागच्या खोलीत ठेवायची, तिथं उजेड कमी. मायनं बाजारातून काळ्या मेंदीची पुडी आणून कोनाड्यात ठेवली होती. ती त्या संध्याकाळी लावायची ठरली होती. बाईनं त्यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. सकाळी उठून ती मांडवात आली आणि साल कुटायला बसली.

मी पंचा घेऊन तिला शोधायला निघाले. उन्हाळ्यात तलाव आटून मांडवापासून खूप मागं सरकायचा आणि मधल्या गाळावर कमरेएवढं गवत माजायचं. त्यापलीकडे लगेच जंगल. गवताच्या कडेला बाई गुडघ्यांवर बसलेली दिसली. तिनं मागं न बघताच हात हलवला, सावकाश ये म्हणून.

गवतात चितळाचं पिल्लू होतं. पाय पोटाशी घेऊन, मान जमिनीला टेकवून, अजिबात न हलता पडलेलं. चितळाची पिल्लं मी खूप पाहिली होती. आई चरायला जाते तेव्हा ती अशीच दडून बसतात, आणि अगदी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. हे मात्र लांबूनच दिसत होतं. दुधाच्या सायीसारखं पांढरं होतं ते. अंगावरचे ठिपके होते, पण पांढऱ्यावर पांढरे, उन्हात तिरकं पाहिलं तरच कळणारे. नाक गुलाबी. डोळे गुलाबी. आणि ते डोळे उन्हानं मिटत होते.

बाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मी तिच्या डोक्यावर पंचा टाकला तेही तिला कळलं नाही.

"मले दिसलं," ती म्हणाली. "मांडवातून. समजते का तुले वनू? मले दिसलं."

मला लगेच समजलं नाही. मग समजलं. जिला पाळीवरचा बाबा ओळखू येत नाही, तिला जे मांडवातून दिसतं, ते कोणाला दिसणार नाही? आदल्याच सकाळी बाबानं तलावात डोंगा चालवताना रानकुत्र्यांची टोळी पाहिली होती, पलीकडच्या काठावर, एका चितळाभोवती. घरी येऊन तो जेवला नव्हता.

"पंचा पांघरून ठेवू त्याच्यावर," मी म्हणाले.

"पंचा बी पांढराच हाय."

ती उठली आणि मांडवाकडे गेली. मला वाटलं बाबाला बोलवायला. बऱ्याच वेळानं ती आली ती घमेल्यात सालीचं पाणी आणि एक फडकं घेऊन. पाणी निवलं का ते तिनं मनगटाच्या आतल्या बाजूला घालून पाहिलं, लहान बाळाच्या अंघोळीचं पाहतात तसं.

मी तिचा हात धरला. माणसाचा हात लागला की हरणी पिल्लाला टाकून देते, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. बाबानं किती वेळा बजावलं होतं. मी ते सगळं तिला भराभर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"टाकन का ठेवन, ते त्याच्या मायले ठाऊक," ती म्हणाली. "असंच रायलं तं उद्या टाकाले बी काई उरनार नाई."

आणि तिनं फडकं बुडवलं.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. गवतातली उकड, सालीचा तुरट वास आणि बाईचं ते एकाग्र तोंड. पिल्लू हललंसुद्धा नाही. फक्त त्याच्या बरगड्यांखाली काहीतरी भरभर उडत होतं. आधी पाठ, मग कुशी, मग मान. कोऱ्या सुतासारखा त्याचा केस रंग प्यायला. निम्मं अंग झाल्यावर मी म्हणाले की ठिपके राहिले, ठिपक्यांशिवाय हे बकरीचं पिल्लू दिसतंय. बाईनं मान वाकडी करून पाहिलं आणि तिला ते पटलं. मग आमची युक्ती ठरली: मी बोटाचं टोक टेकवून धरायचं आणि तिनं भोवतीनं रंग पुसायचा. बोट उचललं की तिथं पांढरा ठिपका. ठिपक्यांची ओळ सरळ असते की वाकडी यावरून आमचं भांडणही झालं, कुजबुजत. ती म्हणाली, मी जन्मात कधी चितळ नीट पाह्यलं नाही, तू सांगशील तसं. मी सांगितलं ते चुकलंच असणार, कारण उजव्या कुशीवर ठिपक्यांचा चक्क गोल झाला. बाई तोंडावर पदर धरून हसली. हसता हसता तिनं पिल्लाच्या डोळ्याभोवतीचा भाग तेवढा सोडून दिला.

"डोये राहू दे," ती म्हणाली. "डोयाचं काई करता येत नाई."

आम्ही दोन पावलं मागं सरून पाहिलं. पिल्लू गवतात विरघळून गेलं होतं. बाईनं डोळे बारीक करून इकडं तिकडं शोधलं आणि तिला ते सापडेना, तशी तिच्या चेहऱ्यावर जी तृप्ती आली, ती मी जाळ्याच्या बाबतीतही कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. ज्या डेगेत वर्षानुवर्षं जाळी बुडतात, तिच्या पाण्याला कसला वास येणार?

"बाई, मासोळीचा वास येते त्याले."

तिनं आपले हात नाकाशी नेले. कोपरापर्यंत तांबडे झालेले हात. तिचा चेहरा खाडकन उतरला. घमेलं उचलून ती मांडवाकडे चालायला लागली.

ऊन कलल्यावर माय आली ती तावातावानंच. पुडी तिनं कमरेला खोचून आणली होती. घरी पाहुण्यांची तयारी पडली आहे, केस धुवायचेत, वाळवायचेत, आणि ही पोरगी मांडव सोडून घरी येत नाही. मग तिला बाईचे हात दिसले.

"हात पाह्य," माय म्हणाली. "उद्या पाहुन्यायले का सांगू? पोरीनं मेंदी काढली म्हनू?"

बाई उठली नाही. माझ्यानं राहवलं नाही, मी सगळं सांगून टाकलं. मायनं कपाळाला हात लावला. म्हणाली, मुक्या जनावराचं वाटोळं केलंत दोघींनी मिळून. तरीही ती परत फिरली नाही. मांडवाच्या कुडाशी आमच्याजवळ येऊन बसली आणि तिनं आवाज खाली आणला.

"आली का त्याची माय?"

आली नव्हती. तलावावर तांबूस उजेड उतरला, टिटव्या ओरडून गप्प झाल्या. मग जंगलाच्या कडेला माद्या दिसल्या, एकामागून एक, पाण्याकडे निघालेल्या. त्यातली एक वेगळी झाली आणि गवताकडे वळली.

"आली," मी म्हणाले.

बाईनं माझा दंड धरला. एवढ्या लांबचं तिला नुसतं सावळं सावळं दिसत होतं. "सांग न वं. का करून रायली?"

"येऊन रायली. थांबली. कान उभे केले." पिल्लू धडपडत उठून उभं राहिलं, तेही मी सांगितलं. "ते तिच्याकडे जाऊन रायलं. आता तिनं नाक लावलं."

आणि मग मी गप्प झाले. कारण मादी एकदम मागं सरली होती. दोन उड्यांत मागं. मान ताठ, शेपटी उभी, आणि पुढचा पाय ती जमिनीवर आपटायला लागली. वाघाची चाहूल लागली की चितळं आपटतात, तसा. पिल्लू पुढं गेलं की ती आणखी मागं जायची.

"वनू. गप्प काऊन झाली?"

मला सांगवेना. बाईच्या नखांनी माझ्या दंडात खड्डे पडले होते. शेवटी मायच बोलली.

"मांगं सरली," माय म्हणाली. "वळखत नाई हाय."

बाईनं दंड सोडला. गुडघ्यात डोकं घातलं आणि तिचे पांढरे केस त्या तांबड्या हातांवर पसरले. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मले वाटलं दिसनार नाई तं जगन," आणि हे ती कोणाला सांगत होती कोण जाणे.

मी मात्र पाहत राहिले. पिल्लानं तोंड वर करून आवाज काढला. बारीक, पिपाणीसारखा. मादीचा पाय आपटायचा थांबला. ती एक पाऊल आली. थांबली. अजून एक पाऊल. मान लांब करून तिनं परत हुंगलं, आधी पाठ, मग मान, मग कानामागं. कानामागं ती थांबली. तिथपर्यंत फडकं पोचलं नव्हतं.

"बाई," मी म्हणाले. "चाटून रायली."

"कोठी?"

"कानामांगं. आता डोकं. आता मान."

मादी चाटत होती. घाईनं नाही, रागानंही नाही. घरातलं एखादं काम राहून गेलं होतं आणि ते उरकायला बसावं, तशी. कळप पाणी पिऊन परतला तरी ती हलली नाही. अंधारात त्या दोघांचा एकच काळा आकार उरला आणि मग तोही दिसेना. आम्हा तिघींपैकी कोणी उठायचं नाव काढलं नाही. शेवटी माय लुगडं झटकत उभी राहिली. बाई केस सोडायला लागली, आता घरी जाऊन मेंदी भिजवायची म्हणून.

"राहू दे," माय म्हणाली. "सकाळी पाहू."

सकाळी उजाडता उजाडता माय मांडवाकडे निघाली, आम्ही दोघी तिच्या मागं. पाळीवरून उतरलो आणि माझ्याआधी, मायच्याही आधी, बाई थबकली.

"थे पाह्य," ती म्हणाली. "दिसते मले."

गवताच्या कडेला मादी चरत होती आणि तिच्या पायांशी पिल्लू लुचत होतं. पांढरं. डोकं पांढरं, मान पांढरी, पाठ पांढरी. कुशीवर थोडे डाग राहिले होते आणि पोटाखाली, जिथं जीभ पोचली नसावी, तेवढा तांबूसपणा. आमचे ठिपके, ती वाकडी ओळ, तो गोल, सगळं गेलं होतं. आमची एक अख्खी दुपार तिनं चाटून टाकली होती.

बाई पाहत उभी होती. माय पिल्लाकडे पाहत नव्हती. ती बाईकडे पाहत होती. तिच्या केसांकडे, जे घाईत बांधायचे राहिले होते आणि सकाळच्या उजेडात चमकत होते. मग ती मांडवात गेली. झाकणी उचलल्याचा आवाज आला. आम्ही जाऊन पाहिलं तर मायनं पुडी दातांनी फाडली होती आणि काळी मेंदी ती डेगेत झटकत होती, कोपऱ्यातली सुद्धा.

"पैशाची वस्तू आनली, वाया काऊन घालवू," ती म्हणाली. "जाळं तं काळं होईन."

मग तिनं बाईला चुलीपुढं बसवलं. खोबरेल तेल लावलं. घट्ट वेणी घातली आणि वेणीला लाल रिबीन बांधली. बाईच्या केसांत लाल रिबीन मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, सगळे म्हणायचे की उठून दिसेल. दुपारी पाहुणे आले तेव्हा मायनं त्यांना ओसरीवर बसवलं, चांगल्या उजेडात. मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बाई पोहे घेऊन बाहेर आली, कोपरापर्यंत तांबड्या हातांनी. मुलाच्या आईनं ताटली घेतली, एकदा केसांकडे पाहिलं, एकदा हातांकडे. हे काय म्हणून तिनं विचारलं. बाई खाली मान न घालता म्हणाली, "जाळी रंगवतो मी."

त्या लोकांचा निरोप कधीच आला नाही. मामा वर्षभर आमच्याशी बोलला नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी एक शिंपी आला तिला पाहायला, लाखनीकडचा, थोडा लंगडा. त्यानं तिच्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाला, बरं हाय, लाईन गेली तरी घरात सापडन. पारावरच्या म्हातारीचंच बोलणं ते, पण त्याच्या तोंडून ऐकून बाई खुदकन हसली, आणि तिथंच सोयरीक झाली. अजूनही मी तिच्याकडे गेले की ती मला चहा टाकते आणि विचारते, ठिपके खरंच कसे असतेत वं?

पिल्लाचं पुढं काय झालं ते कळलं नाही. काही दिवस मादी त्याला घेऊन काठावर दिसायची, मग पावसाळा आला, पाणी मांडवापर्यंत चढलं आणि चितळं आत जंगलात गेली. आश्विनात एकदा बाबानं डोंग्यातून पलीकडच्या काठावर पांढरं काहीतरी उभं पाहिलं. जेवताना तो ते सांगत होता. बाईनं हातातला घास ताटात ठेवला. बाबा तिच्याकडे बघून म्हणाला, बगळा बी असन.

हे सगळं काल परत सांगावं लागलं. माझ्या लेकीची, नभाची वेणी घालत होते. सोमवारपासून तिची शाळा. सासूबाईंनी फार मायेनं काळ्या मेंदीची एक पुडी आणून माझ्या कपाटात ठेवली आहे. म्हणाल्या, थोडे दिवस गं, पोरं चिडवतात, चार मैत्रिणी झाल्या की दे सोडून. त्यांचं मन मला कळतं. चार दिवस मी ती पुडी या खणातून त्या खणात ठेवते आहे. नभाचे केस हातात घेतले की निरुताबाईचे आठवतात. तसेच मऊ, तसेच पांढरे, कंगव्यात दिसत नाहीत. ती जाड भिंगांचा चष्मा मांडीवर ठेवून, डोळे मिटून गोष्ट ऐकत होती. मादी मागं सरली तिथं तिनं माझं बोट धरलं. चाटायला लागली तिथं सोडलं.

मी लाल रिबिनीची गाठ मारली. नभानं चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे वळली आणि तिचे ते किंचित हलणारे डोळे माझ्या तोंडावर स्थिर करायचा प्रयत्न करत म्हणाली,

"आई, पण मग ते रानकुत्र्यांना दिसलं असेल ना गं?"